घर विकायचे आहे? आधी घरातल्या माणसाची तयारी

गेल्या पौषातली गोष्ट. सकाळच्या वेळी एक चाळिशीतले गृहस्थ आपल्या वडिलांना घेऊन माझ्या दवाखान्यात आले. वडील ऐंशीच्या घरातले. स्वच्छ धोतर, पांढरी टोपी, हातात काठी. त्यांचे कवेलूचे जुने घर विकायचे ठरले होते आणि खरेदीखताआधी घेणाऱ्याच्या वकिलाने डॉक्टरांचा दाखला मागितला होता. "बाबांचं डोकं ठिकाणावर आहे, एवढं लिहून द्या जी, डॉक्टरबाई," मुलगा म्हणाला.

असा दाखला देताना मी नातेवाइकांना बाहेर बसवते आणि त्या ज्येष्ठ व्यक्तीला एकांतात चार प्रश्न विचारते. काय विकत आहात? कोणाला आणि केवढ्याला? येणारे पैसे कोठे जाणार? आणि घर गेल्यावर तुम्ही कोठे राहणार? भारतीय करार अधिनियम, १८७२ मध्ये 'शुद्ध मन' म्हणजे काय, याची सोपी कसोटी दिली आहे. करार करतेवेळी तो समजून घेता यावा आणि आपल्या हितावर त्याचा काय परिणाम होईल, याचा विवेकाने विचार करता यावा. आजचा वार सांगता आला नाही म्हणून माणूस अपात्र ठरत नाही, आणि वार बरोबर सांगितला म्हणून तो आपोआप पात्रही ठरत नाही.

बाबाजींनी पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे चोख दिली. जागा किती, विहीर कोणाच्या हिश्श्यात, बयाणा किती आला, उरलेली रक्कम कोणत्या बँकेत येणार, सारे त्यांना ठाऊक होते. चौथ्या प्रश्नाला मात्र ते थांबले. त्यांनी बंद दाराकडे पाहिले आणि म्हणाले, "मले कुठं ठेवतीन, ते पोराले माहीत."

मी त्या दिवशी दाखला दिला नाही. बाबाजींची बुद्धी शाबूत होती, यात मला शंका नव्हती. परंतु ज्या व्यवहाराचा सर्वांत मोठा परिणाम त्यांच्याच उरलेल्या आयुष्यावर होणार होता, त्यातली मुख्य गोष्ट त्यांना कोणी सांगितलीच नव्हती. मी मुलाला आत बोलावून म्हटले, "भाऊ, पंधरा दिवसांनी या. तोवर घरी बसून बाबांशी एवढ्या एका प्रश्नावर बोला."

आर्वी, हिंगणघाट, पुलगाव, देवळी, सिंदी, कोणत्याही गावात जा. जुन्या वस्तीत कुलूप लागलेली किंवा एकट्या आजी-आजोबांनी सांभाळलेली घरे दिसतील. मुले नागपूर, पुणे, हैदराबादला, कोणी परदेशात. दर पावसाळ्याआधी कवेलू फेरणारी माणसे मिळत नाहीत, मातीच्या भिंतीला ओल येते, रात्री-अपरात्री दुखले-खुपले तर जवळ कोणी नसते. अशा वेळी घर विकण्याचा निर्णय पुष्कळदा योग्यच असतो. माझा त्याला विरोध नाही. माझे म्हणणे एवढेच, की घर विकण्याच्या तयारीत रंग, डागडुजी, कागद आणि भाव यांचा विचार होतो, पण त्या घरात पन्नास वर्षे राहिलेल्या माणसाच्या प्रकृतीचा विचार शेवटी होतो. तो पहिला व्हावा.

लहान बदलांची बेरीज

होम्स आणि राहे या दोन अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ मध्ये आयुष्यातील घटनांचा मनावर व शरीरावर किती ताण येतो, हे मोजण्याची एक गुणपट्टी प्रसिद्ध केली. वैद्यकशास्त्रात ती आजही परिचित आहे. तिच्यात जोडीदाराच्या मृत्यूला सर्वाधिक १०० गुण आहेत. राहते घर बदलण्याला आहेत अवघे २०. हा आकडा पाहून कोणालाही वाटेल, की घर बदलणे ही काही फार मोठी गोष्ट नव्हे.

पण या गुणपट्टीत गुणांची बेरीज करायची असते. वृद्ध माणूस घर बदलतो तेव्हा त्याचे काय काय बदलते ते पाहा. राहणीमानातील बदल २५, निवासस्थान २०, देवाधर्माच्या रोजच्या क्रमातील बदल १९, ऊठबस व गाठीभेटी १८, झोपेच्या सवयी १६, खाण्याच्या सवयी १५. बेरीज ११३ होते, म्हणजे जोडीदार गमावण्याच्या गुणांहून अधिक. ही पट्टी स्थूल आहे, प्रत्येक माणसाला ती तंतोतंत लागू पडते असे नाही. परंतु लहान दिसणारे बदल एकाच आठवड्यात एकत्र आले की त्यांचे ओझे केवढे होते, हे तिच्यावरून नीट कळते.

तरुण माणूस नवे घर आठ दिवसांत अंगवळणी पाडून घेतो. वृद्धांचे तसे नसते. मंद झालेली दृष्टी, कमी ऐकू येणारे कान आणि दुबळे गुडघे यांच्या बळावर ते जुन्या घरात वावरतात, कारण ते घर त्यांच्या पावलांना पाठ असते. उंबरठा कोठे आहे, मोरीत जाताना भिंतीला हात कोठे लावायचा, दिव्याचे बटण कोणत्या उंचीवर आहे, हे त्यांना पाहावे लागत नाही. नव्या घरात हे पाठांतर एका रात्रीत निरुपयोगी होते.

माझ्याच घरी झालेली चूक

हे सारे मला पुस्तकातून ठाऊक होते. तरीही माझ्या आईच्या बाबतीत मी चुकले, ते येथे सांगणे मला आवश्यक वाटते.

आर्वीचे आमचे घर आम्ही भावंडांनी वडिलांच्या पश्चात विकले. आई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. घर विकण्यास तिने होकार दिला होता, सहीदेखील तिनेच केली. वैशाखाच्या उन्हात चार दिवसांत आम्ही पन्नास वर्षांचे घर रिकामे केले. माळ्यावरची धूळ, जुन्या गाद्यांचा कापूस, धान्याच्या कोठ्यांतला भुसा, या साऱ्याने आईला सारखी शिंक व सर्दी होऊ लागली. मी डॉक्टर, माझ्या पिशवीतली क्लोरफेनिरामिनची गोळी तिला दिली. रोज दोन वेळा, तीन दिवस. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचा डबा मात्र कोणीतरी खोक्यात बांधून टाकला होता आणि ते खोके टेम्पोत सर्वांत खाली गेले होते. पाणी पिण्याचे तिला कोणी आठवण करून दिले नाही.

नागपूरला भावाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तिसऱ्या रात्री ती उठली. तिला वाटले, आपण आर्वीलाच आहोत आणि अंगणाचे दार उजवीकडे आहे. उजवीकडे भिंत होती. ती पडली, मनगटाचे हाड मोडले. रुग्णालयात नेले तेव्हा ती आम्हाला ओळखत नव्हती, अंथरूण ओढत होती, मध्येच वडिलांना हाका मारत होती. भावाला वाटले, आईला स्मृतिभ्रंश झाला. मलाही क्षणभर तसेच वाटले. तेथल्या डॉक्टरांनी पोट तपासले, तर मूत्राशय तुडुंब भरलेले होते. नळी घातली, सर्दीची गोळी बंद केली, शिरेतून पाणी दिले. चौथ्या दिवशी तिने मला नावाने हाक मारली आणि विचारले, "माझी पितळेची परात कुठं आहे?"

त्या परातीत तिने लग्नापासून कणीक भिजवली होती. आम्ही ती मोडीत दिली होती.

आईला जे झाले त्याला वैद्यकशास्त्रात डेलिरियम म्हणतात. मराठीत आपण त्याला तात्कालिक संभ्रम म्हणू. स्मृतिभ्रंश महिनोन्महिने हळूहळू वाढतो. संभ्रम काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत उद्भवतो आणि दिवसभरात कमी-जास्त होतो; सकाळी बरा असलेला माणूस संध्याकाळी भलतेच बोलू लागतो. शरीरातील पाणी कमी होणे, लघवी किंवा शौच तुंबणे, जंतुसंसर्ग, सोडियम उतरणे, झोप न होणे, आणि काही औषधे ही त्याची नेहमीची कारणे आहेत. सर्दी-खाज-ॲलर्जीवरच्या जुन्या, गुंगी आणणाऱ्या गोळ्या त्या औषधांत अग्रभागी आहेत. दुकानातून सहज मिळणाऱ्या या गोळ्या पासष्टीपुढील माणसाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत, हा धडा मी आईच्या मनगटावरच्या प्लास्टरकडे पाहत पुन्हा एकदा शिकले. संभ्रमाचे कारण सापडले तर माणूस पूर्ववत होऊ शकतो. 'वय झालं, आता असंच' असे म्हणून घरी बसणे हीच यातली घातक गोष्ट.

सहा महिने आधी: बोलणे आणि कागद

घर विकण्याची तयारी सहा महिने आधी सुरू करावी आणि तिची सुरुवात संभाषणाने करावी. आपण कोठे राहणार, खोली कोणती, तेथे शौचालय जवळ आहे का, आपले देव कोठे बसतील, फिरायला कोण नेईल, दवाखाना किती अंतरावर आहे, महिन्याच्या खर्चाचे पैसे कोणाकडे मागावे लागतील की स्वतःच्या हाती असतील, हे सारे स्पष्ट बोलावे. शक्य असेल तर त्या नव्या घरी आधी दोन-तीनदा मुक्काम करवावा. घेणारा घर पाडून नवी इमारत बांधणार असेल, तर तेही आधीच सांगावे. शेजाऱ्याच्या फोनवरून अचानक कळण्यापेक्षा आपल्या माणसाच्या तोंडून ऐकलेले सोसवते.

आपल्या जिल्ह्याला घर सोडण्याचा एक थोर दाखला माहीत आहे. १२ मार्च १९३० रोजी महात्मा गांधींनी साबरमतीचा आश्रम सोडला, तो स्वराज्य मिळेपर्यंत परत न येण्याची प्रतिज्ञा करून. पुढे १९३६ मध्ये, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, ते वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. तेच आजचे सेवाग्राम. तेथील बापूकुटी आपण सर्वांनी पाहिली आहे. मातीच्या भिंती, कवेलूचे छप्पर आणि अगदी मोजके सामान. त्या वयात घर बदलणे त्यांनाही सोपे नसणारच. पण सोडायचे काय, न्यायचे काय आणि राहायचे कोठे, हे त्यांनी स्वतः ठरवले होते. आपल्या घरातील ज्येष्ठांना महात्म्याचा वैराग्यभाव साधेलच असे नाही. निदान ठरवण्याचा अधिकार तरी आपण त्यांच्याकडे राहू द्यावा.

कागदांची जुळवाजुळवही याच काळात करावी, म्हणजे शेवटच्या आठवड्यात वृद्ध माणसाला कचेऱ्यांचे जिने चढावे लागत नाहीत. शहरी हद्दीत आखीव पत्रिका, ग्रामपंचायत हद्दीत नमुना ८ चा उतारा, करपावत्या, जुने खरेदीखत किंवा वाटणीपत्र शोधून ठेवावे. विदर्भात अनेक जुन्या घरांखालची जमीन नझूलची, म्हणजे सरकारी पट्ट्याची असते. तसे असल्यास विक्रीआधी काय परवानगी लागते, हे वकिलाकडून समजून घ्यावे. मालक निवर्तले असतील तर सर्व वारसांची नावे चढली आहेत का, ते पाहावे. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हक्क मुलांच्या बरोबरीचा आहे. बहिणीची सही शेवटच्या दिवशी आठवल्याने झालेली भांडणे आणि त्यानंतर आईचा वाढलेला रक्तदाब, दोन्ही मी दवाखान्यात पाहिले आहेत.

एक सोय फारच थोड्यांना ठाऊक असते. अंथरुणाला खिळलेल्या किंवा चालू न शकणाऱ्या व्यक्तीला दस्त नोंदणीसाठी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात उचलून नेण्याची गरज नसते. नोंदणी अधिनियम, १९०८ मध्ये अशा व्यक्तीच्या घरी येऊन नोंदणी करण्याची तरतूद आहे. रीतसर अर्ज करून गृहभेटीची विनंती करावी.

आवराआवर: एका दिवशी एक फडताळ

आवराआवरीला दिवाळी ते माघ हा काळ उत्तम. चैत्र-वैशाखात आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो; त्या दिवसांत बंद माळ्यावर काम करणे तरुणांनाही झेपत नाही.

रोज दोन तास, एक फडताळ किंवा एक पेटी, एवढेच काम ठरवावे. आजी-आजोबांनी खुर्चीवर बसून निर्णय सांगावा, उचलण्याचे काम इतरांनी करावे. माळ्यावर किंवा स्टुलावर त्यांनी चढू नये. या वयात खुब्याचे हाड मोडणे म्हणजे महिनोन्महिन्यांचे अंथरूण. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डोक्याला लागलेला साधा मारही डॉक्टरांना दाखवावा.

वस्तूंचे चार ढीग करावेत: बरोबर न्यायच्या, मुला-नातवंडांना द्यायच्या, गरजूंना द्यायच्या, आणि टाकायच्या. चौथ्या ढिगातील काहीही ज्येष्ठांनी पाहिल्याशिवाय घराबाहेर जाऊ नये. आम्ही परातीच्या बाबतीत हेच केले नाही. तांब्याचे गुंड, पितळी गंज, पाटा-वरवंटा, जाते, बाज, सगळे फ्लॅटमध्ये मावणार नाही हे त्यांनाही कळते. त्यांना रोजच्या हाताळणीतल्या दहा वस्तू निवडू द्याव्यात आणि त्या दहा वस्तू काहीही झाले तरी न्याव्यात. उरलेल्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. वस्तू हाती घेऊन त्या आठवणी सांगू लागल्या तर घाई करू नये. त्या सांगण्यात निरोपाचे अर्धे काम होऊन जाते.

धूळ, रंग आणि विसरलेली विषे

जुन्या घराच्या आवराआवरीत आरोग्याला असलेले धोके पुढीलप्रमाणे आहेत.

धूळ आणि विष्ठा. कबुतरांची व वटवाघळांची वाळलेली विष्ठा झाडून उडवू नये. तिच्या कणांनी फुप्फुसांचे गंभीर विकार होऊ शकतात. आधी पाणी शिंपडून ओली करावी, तोंडाला मास्क लावून मग काढावी. दमा किंवा जुना खोकला असलेल्या व्यक्तीला त्या दिवशी दुसऱ्या घरी पाठवावे.

रंग. घर नीटनेटके दिसावे म्हणून रंगकामाची घाई होते. दारे-खिडक्यांवरचा जुना ऑइलपेंट कोरडा घासल्यास त्यातील शिशाची पूड हवेत मिसळते. ती लहान मुलांना विशेष घातक असते. घरगुती रंगांतील शिसे दहा लाख भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम आपल्या देशात २०१६ मध्ये आले, म्हणून त्याआधीच्या रंगाबाबत सावध राहावे. पृष्ठभाग ओला करूनच घासावा. शिवाय आधी घेणाऱ्याचा हेतू विचारावा. आमच्या भागात जुनी घरे पुष्कळदा जागेसाठीच घेतली जातात आणि नंतर पाडली जातात. अशा घराला रंग देऊन वृद्धांना महिनाभर वासात ठेवण्यात काहीच लाभ नसतो. गळते छप्पर, उघड्या वायरी आणि अंधारा जिना एवढे दुरुस्त करावे. ते विक्रीलाही उपयोगी आणि तोवर राहणाऱ्यांनाही.

कीटकनाशके. शेतकऱ्याच्या घरात माळ्यावर, गोठ्यात, कोठीमागे जुन्या फवारणीच्या बाटल्या आणि धान्यात ठेवायच्या कीडनाशक गोळ्या हमखास सापडतात. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. धान्याच्या गोळ्यांतील ॲल्युमिनियम फॉस्फाइड ओलाव्याशी संयोग पावून विषारी वायू सोडते आणि त्या विषावर उतारा नाही. अशा वस्तू वृद्धांनी किंवा मुलांनी हाताळू नयेत, विहिरीत वा नालीत ओतू नयेत, भंगारात देऊ नयेत. कुलपात बाजूला ठेवून कृषी विभागाच्या कर्मचाऱ्यांचा सल्ला घ्यावा.

साप आणि विंचू. लाकडे, कवेलूंचा ढीग, जुनी पोती हलवताना बूट घालावेत, आधी काठीने हलवावे. दंश झालाच तर चिरा देऊ नये, घट्ट बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ दवडू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून सरकारी रुग्णालय गाठावे.

घर पाहायला येणाऱ्यांसाठी आठवड्यातले दोन दिवस व ठरावीक वेळ नेमावी. अनोळखी माणसे दुपारच्या झोपेच्या वेळी खोल्या उघडून पाहतात, तेव्हा वृद्धांना आपल्याच घरात परके झाल्यासारखे वाटते. त्या वेळी घरातले कोणीतरी जाणते माणूस हजर असावे आणि दागिने, कागद व औषधे कुलपात असावीत.

हलण्याचा दिवस आणि पहिले तीन आठवडे

एक कापडी पिशवी वेगळी भरावी आणि ती टेम्पोत न टाकता माणसाबरोबर ठेवावी. तीत किमान पंधरा दिवसांची औषधे, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, चष्मा, कवळी, श्रवणयंत्र, आधारकार्ड, पाण्याची बाटली आणि बदलायचे कपडे असावेत. इन्सुलिन थंड राहील अशी व्यवस्था करावी. हलण्याच्या दिवशी ज्येष्ठांनी दिवसभर सामानात बसून राहू नये. सकाळी देवाला व घराला नमस्कार करून ते निघावेत आणि नवी खोली लावून झाल्यावरच तेथे पोहोचावेत.

खोलीत पलंग असा ठेवावा, की जुन्या घरी ज्या बाजूने उतरत त्याच बाजूने उतरता यावे. जुने घड्याळ, जुने पांघरूण, ठळक आकड्यांचे कॅलेंडर समोर असावे. पलंगापासून शौचालयापर्यंतच्या वाटेवर रात्री मंद दिवा जळत राहावा; पायपुसणी व वायरी उचलाव्यात; न्हाणीघरात व कमोडजवळ भिंतीला पक्के दांडे बसवावेत. पाण्याची चव बदलली की वृद्ध पाणी कमी पितात, असा माझा अनुभव आहे. दर दोन तासांनी पेला हाती द्यावा. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारात पाण्याचे प्रमाण डॉक्टरांनी ठरवून दिलेले असेल, तर तेच पाळावे. सकाळचे ऊन, थोडे चालणे, जेवणाची जुनी वेळ आणि जुन्या शेजाऱ्यांशी फोनवर बोलणे, एवढ्याने झोप लवकर सुधारते.

पहिल्या तीन आठवड्यांत पुढील लक्षणे दिसल्यास वाट पाहू नये: अचानक भ्रमिष्टासारखे बोलणे, दिवसा अनावर गुंगी, लघवी बंद होणे, खाणे-पिणे तुटणे, धाप लागणे किंवा कोणतीही पडझड. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, रडू येणे, कशातच रस न वाटणे असे असेल तर ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. टेली-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ क्रमांकावर मानसिक आरोग्याविषयी विनामूल्य सल्ला मिळतो. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे.

पैसा कोणाच्या हाती

शेवटी थोडे पैशाविषयी. घर ज्यांच्या नावे आहे, रक्कम त्यांच्याच बँक खात्यात यावी. स्थावराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्यानुसार मनाई आहे. किंमत ५० लाख रुपये किंवा अधिक असेल तर घेणाऱ्याने १ टक्का कर कापून भरायचा असतो. भांडवली नफ्यावरील कर आणि नवे घर घेतल्यास मिळणारी सवलत यांच्या मुदती ठरलेल्या असतात, म्हणून व्यवहाराआधीच सनदी लेखापालाला भेटावे. रकमेतील काही भाग वृद्धांच्या आजारपणासाठी वेगळा, त्यांच्याच नावे ठेवावा.

काही कुटुंबांत विक्रीऐवजी मुलाच्या किंवा मुलीच्या नावे बक्षीसपत्र केले जाते. तेथे विशेष जपावे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ मधील कलम २३ असे सांगते, की देखभालीच्या अटीवर मिळकत दिली आणि ती देखभाल झाली नाही, तर ज्येष्ठ नागरिक न्यायाधिकरणाकडे दाद मागून ते हस्तांतरण रद्द करवून घेऊ शकतात. परंतु ती अट दस्तातच लिहिलेली असावी. मुलांवर विश्वास आहे म्हणून अट लिहायची नाही, असे पुष्कळ आई-वडील म्हणतात. विश्वास असला तरी कागद लिहावा. चांगल्या मुलांना त्याचा राग येत नाही.

पंधरा दिवसांनी ते गृहस्थ वडिलांना घेऊन पुन्हा आले. मी मुलाला बाहेर बसवले आणि चारही प्रश्न पहिल्यापासून विचारले. चौथ्याला बाबाजी या वेळी थांबले नाहीत. सुनेने खालच्या मजल्यावरची खोली दिली आहे, खिडकी उगवतीकडे आहे, आपली बाज तेथे मावते हे मोजून पाहिले आहे, शौचालय सात पावलांवर आहे, आणि पोळ्याला एकदा गावी आणून सोडण्याचे नातवाने कबूल केले आहे, असे त्यांनी सांगितले. मग मीच विचारले, "बाबाजी, आता मनात काही राहिलं का?"

"राह्यलं तं आहेच," ते म्हणाले. "पण आता माहीत तं आहे."

मी दाखला लिहून दिला.